हाडाची विश्रांति आणि मांसाचा ऱ्हास

मोडलेलें हाड सांधावयाचें असेल तर तें हलूं देतां कामा नये, हें तत्त्व मनुष्यजातीस फार प्राचीन काळापासून ठाऊक आहे. परंतु ज्या अवयवास हलूं दिलें जात नाहीं त्याचें मांस झडतें, हें सत्यही तितकेंच जुनें आहे. ज्याच्या पायास महिना-दीड महिना प्लास्टर होतें तो मनुष्य तें उतरविल्यावर आपल्या पायाकडे पाहून दचकतो. एक मांडी पूर्वीसारखी भरलेली आणि दुसरी काठीसारखी वाळलेली! हाड जुळलें खरें, पण पाय आपला राहिला नाहीं, असें त्यास वाटतें. ज्या उपायानें एक व्यथा बरी व्हावी त्याच उपायानें दुसरी उत्पन्न व्हावी, असा हा पेच आहे. यांतून वाट काढण्यासाठीं वैद्यकानें जे प्रयत्न केले त्यांत गेल्या सुमारें शंभर वर्षांत औषधांची भर पडली. त्या प्रयत्नांचें स्थूल अवलोकन करावें आणि त्यांतून आपल्या घरच्या आचारास कांहीं बोध मिळतो कीं काय तें पाहावें, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

आरंभ आपल्याच प्राचीन ग्रंथापासून करूं. सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानांत भग्नचिकित्सेचा स्वतंत्र अध्याय आहे. मोह, उंबर, पिंपळ, पळस इत्यादि वृक्षांच्या साली आणि बांबूच्या कांबी यांनीं मोडलेला अवयव बांधावा, असें तेथें सांगितलें आहे. मांडीचें किंवा पोटरीचें हाड मोडलें असतां रोग्यास फळीवर निजवून खुंट्यांच्या आधारानें जखडून ठेवण्याची युक्तिही दिली आहे. म्हणजे अवयव स्थिर ठेवण्याचें महत्त्व सुश्रुतास पूर्णपणें कळलें होतें. परंतु तो तेवढ्यावर थांबत नाहीं. बंधन सैल झाल्यास सांधा स्थिर राहत नाहीं आणि फार घट्ट झाल्यास सूज, वेदना व पाक होतो, म्हणून तें मध्यम असावें. शिवाय तें ऋतुमानाप्रमाणें थंडींत सातव्या, साधारण ऋतूंत पांचव्या व उष्णकाळीं तिसऱ्या दिवशीं सोडून पुन्हां बांधावें, असें तो बजावतो.

त्याही पलीकडे जाऊन, तळहाताचें हाड मोडलें असेल त्या रोग्याविषयीं त्यानें जें सांगितलें आहे तें आजच्या वाचकास विशेष मनोवेधक वाटेल. अशा रोग्यानें हातांत प्रथम मातीचा गोळा धरावा, पुढें मिठाचा खडा धरावा, आणि हातांत बळ आल्यावर दगड धरावा. मऊ पदार्थापासून कठीण पदार्थाकडे, हलक्यापासून जडाकडे नेणारा हा क्रम सहज सुचलेला नव्हे. हाड जुळणें म्हणजे हात बरा होणें नव्हे, हात बरा होणें म्हणजे त्यांत पुन्हां बळ येणें, हा विचार त्याच्या मुळाशीं आहे. पुढें आपल्याकडील हाडवैद्यांनीं आणि तालमींतल्या वस्तादांनीं बांधणें, चोळणें आणि हळूहळू हालविणें या तिन्ही क्रिया आपापल्या परीनें चालू ठेविल्या. त्यांत अज्ञानाचा भाग पुष्कळ होता आणि त्यापायीं कित्येकांचे अवयव कायमचे बिघडलेही असतील. परंतु विश्रांति आणि चलन हीं दोन्हीं हवींत, ही समजूत त्या परंपरेंत कधींच पुसली गेली नाहीं.

युरोपांत या दोन तत्त्वांचा वाद एकोणिसाव्या शतकांत ऐन रंगास आला. अँटोनियस माथाइसेन या डच लष्करी शस्त्रवैद्यानें जाड्याभरड्या सुती कापडांत प्लास्टरची कोरडी भुकटी घोळून, तें भिजवून अवयवाभोवतीं गुंडाळण्याची रीति १८५२ मध्यें प्रसिद्ध केली. रशियन शस्त्रवैद्य पिरोगोव्ह यानें क्रिमियाच्या युद्धांत जखमी सैनिकांवर प्लास्टरचा मोठ्या प्रमाणावर उपयोग केला. कांहीं मिनिटांत दगडासारखा कठीण होणारा हा सांचा मिळाल्यावर अवयव स्थिर ठेवण्याची कला जवळजवळ पूर्णत्वास गेली. विश्रांतीच्या तत्त्वास तात्त्विक पाठबळही मिळालें. इंग्लंडांत जॉन हिल्टन याचीं विश्रांति व वेदना या विषयावरील व्याख्यानें १८६३ मध्यें पुस्तकरूपानें निघालीं. लिव्हरपूलचा ह्यू ओवेन थॉमस हा तर विश्रांतीचा कट्टा पुरस्कर्ताच होता. त्याच्या मतें विश्रांति सक्तीची, अखंड आणि दीर्घ असली पाहिजे. हा थॉमस वेल्सकडील हाडवैद्यांच्या घराण्यांतला, आणि त्याचा बापही हाडवैद्यच. पहिल्या महायुद्धांत मांडीच्या हाडाला गोळी लागलेल्या सैनिकांचे प्राण वांचविण्याच्या कामीं ज्या चौकटीनें मोठें यश मिळविलें, ती याच थॉमसची.

परंतु विरुद्ध पक्षही गप्प नव्हता. १८६७ मध्यें लंडनचा प्रख्यात शस्त्रवैद्य जेम्स पॅजेट यानें हाडवैद्यांच्या हातून बऱ्या होणाऱ्या रोग्यांविषयीं व्याख्यान देऊन आपल्या व्यवसायबंधूंस जागें केलें. शिकलेल्या डॉक्टरांनीं फार दिवस बांधून ठेविलेले सांधे आखडतात, आणि मग एखादा अडाणी हाडवैद्य ते झटक्यासरशीं मोकळे करून कीर्ति मिळवितो, ही गोष्ट त्यानें उघडपणें कबूल केली. पॅरिसचा ल्युका-शांपिओनिएर तर याच्याही पुढें गेला. मोडलेल्या हाडावर लवकरांत लवकर मर्दन सुरू करावें व बेताबेतानें सांधा हालवावा, असें त्यानें आग्रहानें प्रतिपादिलें, आणि १८९५ मध्यें या विषयावर ग्रंथ लिहिला. त्याच्या टीकाकारांस ही निव्वळ उच्छृंखलता वाटली. पुढें व्हिएन्नाच्या लोरेंझ ब्योलर यानें दोन्ही पक्षांची तडजोड घडवून आणली. मोडलेल्या हाडाचे तुकडे अगदीं स्थिर ठेवा, पण बाकीचे जेवढे सांधे मोकळे असतील तेवढे पहिल्या दिवसापासून हालवा, असा त्याचा दंडक होता. १९२५ मध्यें सुरू झालेल्या त्याच्या रुग्णालयांत पायाला प्लास्टर असलेले रोगीही कसरत करीत.

हा सारा वाद अनुभवाच्या जोरावर चालला होता. मांस झडतें म्हणजे नेमकें काय होतें, हें मोजून पाहण्याचें काम विसाव्या शतकानें केलें. ग्लासगोच्या डेव्हिड कथबर्टसन यानें १९२९ पासून पुढें कांहीं वर्षें लघवींतून जाणाऱ्या नायट्रोजनाचा काटेकोर हिशेब ठेवला. मांस हें मुख्यतः प्रथिनांचें बनलेलें असतें आणि प्रथिनांत नायट्रोजन असतो. तेव्हां खाण्यांतून येणारा नायट्रोजन आणि बाहेर जाणारा नायट्रोजन यांची वजाबाकी म्हणजे शरीराच्या मांसाची जमाखर्चवहीच होय. निरोगी माणसाला नुसतें स्वस्थ ठेविलें तरी त्या वहींत थोडी तूट येते. मोठें हाड मोडलेल्या माणसाची तूट मात्र पुष्कळच मोठी असते. इतकी कीं ती एकट्या जखमी अवयवाच्या मांसांतून भरून निघणें शक्य नसतें. अर्थात् घाव एका पायावर पडला तरी त्याचा कर सर्व शरीराला द्यावा लागतो.

यापुढचा प्रयोग अमेरिकेंत झाला. डायट्रिक, व्हीडन व शॉर यांनीं चार धडधाकट तरुणांस कमरेपासून पायांपर्यंत प्लास्टरमध्यें सहा-सात आठवडे ठेवून त्यांचें बारकाईनें निरीक्षण केलें, आणि १९४८ मध्यें त्याचा वृत्तांत प्रसिद्ध केला. या तरुणांस ना रोग होता ना जखम. तरीही त्यांच्या शरीरांतून नायट्रोजन गेला, हाडांतील कॅल्शियम गेला, पायांचा घेर उतरला आणि बळ कमी झालें. म्हणजे स्वस्थ पडून राहणें हेंच एक दुखणें आहे असें सिद्ध झालें. त्याच्या आदल्याच वर्षीं रिचर्ड ॲशर या इंग्रज डॉक्टरानें अंथरुणाचे धोके सांगणारा एक खोचक लेख लिहून रुग्णालयांच्या जुन्या संवयीवर आघात केला होता. महायुद्धाच्या अखेरीस, १९४५ मध्यें, टॉमस डीलॉर्म यानें जखमी सैनिकांच्या दुबळ्या पायांस क्रमाक्रमानें वाढतें वजन उचलावयास लावून बळ आणण्याची पद्धति प्रसिद्ध केली. मातीचा गोळा, मिठाचा खडा आणि दगड यांची ही लोखंडी आवृत्तिच म्हणावयाची.

आतां औषधांकडे वळूं. व्यायाम करतां येत नाहीं म्हणूनच तर अवयव बांधलेला असतो. तेव्हां बांधलेल्या काळांत मांस राखावयाचें तर तें औषधानें राखतां येईल काय, हा प्रश्न ओघानेंच आला. १९३५ हें वर्ष या दृष्टीनें महत्त्वाचें आहे. त्या वर्षीं टेस्टोस्टेरोन हा पुरुषत्वाचा अंतःस्राव शुद्ध स्वरूपांत हातीं आला, आणि बुटेनांट व रुझिच्का यांनीं तो प्रयोगशाळेंत तयारही केला. त्याच वर्षीं अमेरिकेंत कोचाकियन व मर्लिन यांनीं दाखविलें कीं, पुरुषाच्या मूत्रांतून काढलेला त्याच जातीचा अर्क खच्ची केलेल्या कुत्र्यांस दिला असतां त्यांचें शरीर नायट्रोजन धरून ठेवूं लागतें. कथबर्टसनच्या वहींतील तूट भरून काढणारें द्रव्य सांपडलें, असें वाटण्यास ही जागा होती. मांस वाढविणारीं पण पुरुषी लक्षणें न आणणारीं कृत्रिम द्रव्यें शोधण्याची मग चढाओढ लागली. तीं पुष्कळ निघालीं, परंतु या दोन गुणांची पूर्ण ताटातूट कोणासही करतां आली नाहीं. यकृतास व हृदयास अपाय आणि स्त्रियांस दाढीमिशा, हे दोष त्यांस चिकटून राहिले. आणि रुग्णालयापेक्षां आखाड्यांत व क्रीडांगणांतच त्यांचा बोलबाला अधिक झाला.

अंथरुणावर पडलेल्या माणसास टेस्टोस्टेरोन दिल्यास काय होतें, याची सरळ परीक्षा १९९९ मध्यें प्रसिद्ध झाली. निरोगी पुरुषांस २८ दिवस अंथरुणावर ठेवून त्यांतील कांहींस हें औषध दिलें. औषध घेणाऱ्यांचें मांस टिकलें, परंतु बळ टिकलें नाहीं. हा निकाल वाचकांनीं लक्षांत ठेवावा. कारण पुढील सर्व इतिहासांत हाच सूर पुन्हां पुन्हां ऐकूं येतो.

वाढीच्या अंतःस्रावाची कथा याहून करुण आहे. अतिदक्षता विभागांतील रोग्यांचें मांस भराभर झडतें, म्हणून त्यांस तो अंतःस्राव भरपूर प्रमाणांत देऊन पाहावा असें युरोपांतील वैद्यांनीं ठरविलें. दोन मोठ्या परीक्षांचा निकाल १९९९ मध्यें एकत्रच निघाला. एकींत औषध घेणाऱ्यांपैकीं शेंकडा ३९ व न घेणाऱ्यांपैकीं शेंकडा २० दगावले. दुसरींत हे आंकडे शेंकडा ४४ व १८ असे होते. हे रोगी साधे हाड मोडलेले नव्हते, अत्यवस्थ होते, हें खरें. तथापि मांस वांचविण्याच्या नादांत माणूस गमावण्याचा संभव असतो, एवढा धडा या उदाहरणानें सर्वांसच दिला.

मध्यंतरीं मांस झडण्याच्या क्रियेचें अंतरंग अधिकाधिक उघड होत होतें. आपल्या शरीरांतील स्नायु हा बांधून पुरा झालेला वाडा नव्हे. त्याचे वासे आणि विटा रोज काढल्या जातात आणि रोज नव्या बसविल्या जातात. काढणें व बसविणें यांचा मेळ बसला कीं वाडा उभा दिसतो. डंडी येथील शास्त्रज्ञांनीं १९८७ मध्यें नडगीचें हाड मोडून पाय प्लास्टरमध्यें असलेल्या रोग्यांच्या मांडीच्या मांसाची तपासणी करून दाखविलें कीं, त्या पायांत नवें प्रथिन बनण्याचें काम मंदावलेलें असतें. गवंडी कामावर येत नाहींत, म्हणून भिंत खचते. पुढल्याच वर्षीं त्यांनीं असेंही दाखविलें कीं, प्लास्टरमधील मांडीस विजेचे सौम्य झटके देऊन स्नायु आकुंचित करीत राहिल्यास हें काम चालू राहतें आणि मांस टिकतें. मग भरपूर दूधदुभतें, डाळी व मांसाहार देऊन ही उणीव भरून काढावी, असें कोणासही सुचेल. परंतु २००८ मध्यें कॅनडांतील प्रयोगांनीं असें दिसून आलें कीं, दोन आठवडे बांधून ठेविलेला स्नायु रक्तांत अन्नरस मुबलक आला तरी पूर्वीसारखा प्रतिसाद देत नाहीं. विटा दाराशीं येऊन पडतात, पण गवंडी जागचा हालत नाहीं.

पाडणाऱ्या हातांचाही शोध लागला. शरीरांतील निरुपयोगी प्रथिनांवर खूण करून त्यांस नाशाकडे पाठविणारी एक यंत्रणा आहे. तिच्या शोधाबद्दल २००४ चें रसायनशास्त्राचें नोबेल पारितोषिक देण्यांत आलें. २००१ मध्यें उंदरांच्या बांधलेल्या पायांत अशी खूण करणारीं दोन द्रव्यें विशेष वाढलेलीं आढळलीं, आणि ज्या उंदरांत तीं जन्मतःच नसतात त्यांचें मांस कमी झडतें असें दिसलें. तत्पूर्वीं, १९९७ मध्यें, बाल्टिमोर येथें मायोस्टॅटिन या द्रव्याचा शोध लागला होता. हें द्रव्य स्नायूंच्या वाढीला लगाम घालतें. हा लगाम जन्मतः तुटलेला असला म्हणजे काय होतें तें बेल्जियममधील एका जातीचे धिप्पाड बैल पूर्वींपासून दाखवीत आले होते. त्यांच्या दुप्पट मांसाचें कारण आतां कळलें.

तेव्हां लगाम सोडणारें औषध तयार करावें, हा विचार साहजिक होता. अशा एका औषधाची परीक्षा २०१७ मध्यें प्रसिद्ध झाली, आणि ती आपल्या विषयाशीं अगदीं नेमकी जुळणारी आहे. चोवीस निरोगी तरुणांचा एक पाय दोन आठवडे प्लास्टरमध्यें ठेविला. मांडीचें मांस सरासरी शेंकडा ४·८ घटलें. ज्यांस बिमाग्रुमाब या औषधाची एकच मात्रा शिरेवाटे दिली त्यांचें मांस झपाट्यानें भरून आलें, आणि बारा आठवड्यांनीं तें मूळच्यापेक्षां शेंकडा ५·१ अधिक झालें. ज्यांस औषध दिलें नाहीं त्यांचें मांस त्याच मुदतींत जेमतेम पूर्वपदावर आलें. येथवर ऐकून कोणासही टाळी वाजवावीशी वाटेल. परंतु गुडघा ताठ करण्याचें बळ मोजलें तेव्हां तें दोन्ही गटांत सहा आठवड्यांच्या सुमारास सारखेंच परत आलेलें आढळलें. मांस वाढलें, पण त्या वाढीनें बळ लवकर आलें नाहीं! १९९९ चाच सूर पुन्हां उमटला.

याचें कारण काय? मास्ट्रिख्ट येथील संशोधकांनीं २०१४ मध्यें जे आंकडे प्रसिद्ध केले त्यांत याचें उत्तर अंशतः सांपडतें. पाय पांच दिवस बांधून ठेविला असतां मांडीचा मांसल घेर शेंकडा ३·५ घटतो, पण बळ शेंकडा ९ घटतें. चौदा दिवसांनीं मांस शेंकडा ८·४ घटतें, तर बळ शेंकडा २३. म्हणजे बळाची हानि मांसाच्या हानीच्या अडीचपटींहून अधिक आहे. बळ केवळ मांसांत राहत नाहीं. मेंदूनें आज्ञा करावी, मज्जातंतूंनीं ती पोंचवावी आणि स्नायूच्या असंख्य तंतूंनीं एकाच क्षणीं ती पाळावी, या सर्वांच्या मेळास आपण बळ म्हणतों. पाय बांधला कीं हा मेळच विसरला जातो. औषध मांसाची वखार भरून देऊं शकेल, पण विसरलेली विद्या शिकवूं शकणार नाहीं.

याच २०१४ मध्यें अमेरिकेंत झालेला एक प्रयोग या दृष्टीनें फार बोलका आहे. निरोगी माणसांचें मनगट चार आठवडे बांधून ठेविलें. त्यांतील कांहींस एवढेंच सांगितलें होतें कीं, आपण मनगट सर्व शक्तीनें वांकवीत आहों अशी कल्पना मनांत नियमितपणें करावी. ज्यांनीं असें कांहींच केलें नाहीं त्यांचें बळ सुमारें शेंकडा ४५ घटलें. ज्यांनीं मनानें व्यायाम केला त्यांचें सुमारें शेंकडा २४ च घटलें. कोणतीही कुपी न फोडतां जवळजवळ निम्मी हानि टळली.

मग औषधांचा हा सारा खटाटोप व्यर्थच काय? तसें मात्र म्हणतां येणार नाहीं. तरुण माणूस दोनतीन महिन्यांत आपलें गमावलेलें परत मिळवितो. प्रश्न वृद्धांचा आहे. सरासरी ६७ वर्षे वयाच्या निरोगी माणसांस केवळ दहा दिवस अंथरुणावर ठेविलें असतां त्यांच्या पायांतील मांस जवळजवळ एक किलो घटलें, असें २००७ मध्यें प्रसिद्ध झालेल्या पाहणींत आढळलें. मांडीचें हाड मोडलेल्या सत्तरीच्या आजींस हा तोटा भरून काढण्यास पुढें दिवस थोडे आणि उत्साह त्याहून थोडा असतो. ज्यांस व्यायाम करणें शक्यच नाहीं, जे शुद्धीवर नाहींत, ज्यांचे दोन्ही पाय निकामी आहेत, त्यांच्यासाठीं मांस राखणारें निर्धोक औषध निघालें तर तो मोठाच उपकार होईल. आजमितीस असें सर्वमान्य औषध वैद्यांच्या हातीं नाहीं. तें निघालें तरी त्याचें काम वेळ मिळवून देण्याचें असेल. त्या वेळाचा उपयोग करणें रोग्याकडेच राहील.

आणि येथें आपल्या घरांचा संबंध येतो. आपल्या कुटुंबांत आजाऱ्यावरील माया बहुधा एकाच वाक्यानें व्यक्त होते : तुम्ही उठूं नका, आम्ही आणून देतों. पाण्याचा पेला हातीं द्यावा, कूस वळवून द्यावी, घांसही भरवावा, यांत सेवेचें पुण्य आहे असें आपण मानतों. परंतु पांच दिवसांत बळाचा अकरावा हिस्सा जातो हें ज्यास कळलें, त्यानें या मायेचा हिशेब पुन्हां मांडावयास हवा. डॉक्टरांनीं जो अवयव हालवूं नये म्हटलें तो मुळींच हालवूं नये. पण जो हालविण्यास त्यांची मोकळीक आहे तो रोग्याकडून रोज हालवून घ्यावा, मग त्याचा थोडा रोष पत्करावा लागला तरी चालेल. बोटें, घोटा, दुसरा पाय, दोन्ही हात, यांस सुटी देण्याचें कांहींच कारण नसतें. स्वतः उठून घेतलेला पाण्याचा पेला हा पुष्कळ वेळां आणून दिलेल्या दुधाच्या पेल्याहून अधिक पौष्टिक असतो.

हाडाला विश्रांति हवी आणि मांसाला काम हवें, या दोन मागण्यांचा निवाडा करण्यांत वैद्यकाचीं कित्येक शतकें गेलीं. प्लास्टरनें पहिली मागणी उत्तम रीतीनें पुरी केली. दुसरी पुरी करण्यास औषधें पुढें आलीं. त्यांनीं मांस दिलें, बळ दिलें नाहीं. तें रोग्याच्या स्वतःच्या प्रयत्नावांचून कोणास देतां येईल, असें या सर्व इतिहासांत अद्याप तरी दिसलेलें नाहीं.